सौंदडीचा पार

वाळवंटातलं झाड पाणी जास्त झाल्यामुळे मेलं, असं मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. हसोत बापडे. ते झाड आमच्या कॉलनीतलं नसतं आणि त्याच्या सावलीत माझे सासरे बसत नसते, तर मीही हसले असते.

आम्ही रास अल खैमाला राहतो. नवरा इथल्या एका सिमेंट कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. त्यांचं सिमेंट किती ताकद धरतं हे तो जेवतानाही सांगतो, आणि ऐकायला दुसरं कुणी नसलं की मला सांगतो. कंपनीने दिलेलं बैठं घर, आजूबाजूला तशीच आणखी घरं, मागे कुंपण, कुंपणापलीकडे खडीचं मैदान आणि मैदानाच्या टोकाला उघडेबोडके डोंगर. शारजाला अल मजाजच्या टॉवरमध्ये राहणारी माझी मैत्रीण आली की म्हणते, तुमच्याकडे बघण्यासारखं काहीच नाही गं. कितीतरी वर्षं मलाही तसंच वाटायचं.

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांना आम्ही इकडे आणलं. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. नगर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव, आणि उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. बोलका माणूस. लग्नानंतर एकदा मी त्यांच्या ड्युटीच्या गाडीने गेले होते, तर अख्खी गाडी त्यांच्याशी बोलत होती. कुणाची म्हैस व्यायली, कुणाची सून रुसली, सगळं त्यांना ठाऊक. असा माणूस आमच्या हॉलमधल्या एसीसमोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि मुकाच झाला. समोर भिंत. भिंतीकडे बघत राहायचे. ताट वाढलं की पोळीचा तुकडा मोडायचा, भाजीत बुडवून इकडून तिकडे फिरवायचा आणि उठायचं. विचारलं तर म्हणायचे, झालं माझं. काय डोंबल झालं? पायजम्याची नाडी रोज आवळावी लागत होती. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. नवऱ्याला एक भीती होती आणि तीच मला होती. आई गेल्यावर हे वर्ष काढणार नाहीत. आम्ही दोघं ते एकमेकांशी बोलत मात्र नव्हतो.

मग एका रविवारी सकाळी लेक त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन गेली. तिला शाळेच्या प्रोजेक्टला पानं हवी होती. कॉलनीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपलीकडे, एक जुनं झाड होतं. खोड पिळवटलेलं, फांद्या खाली लोंबलेल्या, पानं बारीक बारीक. सावली बरी म्हणून मी तिथे गाडी लावायचे. त्यापलीकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मी त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन गेले. बाबांनी एक पान चुरगाळून हुंगलं, फांदीवरच्या आखूड काट्यावरून बोट फिरवलं, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा तो एसटीतला आवाज ऐकू आला.

"अगं, ही तर सौंदड!"

लेक म्हणाली, "नो आजोबा, इट्स गाफ. नॅशनल ट्री."

बाबा म्हणाले, असेल तुमची नॅशनल, आमच्या शिवेवर हीच उभी आहे. शहरात तिला शमी म्हणतात. गणपतीच्या पत्रीत जिची पानं आपण बाजारातून आणतो आणि दसऱ्याला जिची पूजा करतो ती. मी लग्नाआधी पुण्याची, मला शमी म्हणजे कागदाच्या पुडीत मिळते एवढंच ज्ञान. ती अशी डोक्यावर सावली धरून उभी असते हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी बाबांनी आमटी मागून घेतली. मी स्वयंपाकघरात तोंड वळवून डोळे पुसले, कारण माझं रडणं कुणी बघितलेलं मला आवडत नाही.

तेव्हापासून बाबा सकाळ-संध्याकाळ सौंदडीखाली. चटई, तांब्या, डोक्याला टॉवेल. प्लांटच्या बसचा पठाण ड्रायव्हर तिथे यायचा, गेटवरचा मल्याळी वॉचमन यायचा. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीला इस्त्री केलेलं, पण अडलं नाही कुणाचं. घाटातली वळणं, ब्रेक फेल झालेली गाडी, तिकिटावाचून चढलेला बोकड, सगळे किस्से त्या दोघांना पाठ झाले. कॉलनीभर ते चाचा झाले. रमजानमध्ये शेजारच्या रत्नागिरीकर भाभींकडून इफ्तारचं ताट यायचं ते थेट झाडाखाली, चाचांसाठी.

भाभींनीच एकदा आम्हाला खाडीवर नेलं. त्यांचं माहेर खाडीकाठचं, त्यामुळे चिखलातली हिरवी झाडं बघून त्या गाडीतूनच बोट करून म्हणाल्या, ही आमची तिवरं. बाबा मराठवाड्याच्या वेशीवरचा कोरडा माणूस, मी पुण्याची, आम्हाला तिवर काय ठाऊक. चिखलातून सुयांसारखी वर आलेली मुळं, त्यांच्यात पळणारे खेकडे, भरतीचं पाणी बुंध्याशी. भाभी खाली उतरून त्या मुळांकडे बघत उभ्या राहिल्या. बाबांनी मला खुणेने गप्प बसवलं.

मग नादच लागला. सुट्टीच्या दिवशी बाबा पुढच्या सीटवर आणि आम्ही मागे. गावाकडच्या त्यांच्या रूटवर निम्मे थांबे झाडांच्या नावाचे होते, चिंचेचा मळा, वडाची वाडी, बाभूळफाटा. तसेच त्यांनी इथले पाडले. पेट्रोल पंपाच्या वळणावर रुई माजलेली होती. "चला, रुईचा थांबा." शनिवारी मारुतीला माळ घालतात तीच रुई, ती इथे कुणी हुंगत नाही म्हणून त्यांना वाईट वाटायचं. डोंगराच्या पायथ्याशी सपाट डोक्याच्या काटेरी झाडांचं रान आहे, इथले लोक त्यांना समर म्हणतात. बाबा म्हणाले, ही बाभळीची चुलत बहीण. एका जुन्या वाडीच्या भिंतीशी बोर होती, त्यांचं सिद्र. बोरं गोळा करून आम्ही खाल्ली, आणि वाडीच्या मालकाने आम्हाला हाकलायच्या ऐवजी आतून आणखी आणून दिली. मिसवाकची, म्हणजे दात घासायची काडी ज्याच्यापासून करतात ते पिलूचं झुडूपही त्यांनी दाखवलं. बाबा म्हणायचे, आपण कुठे परदेशात आलोय, हे सगळं आपल्याच मुलखातलं रान आहे, मधे फक्त समुद्र आडवा आलाय. मी ज्याला 'इथे काहीच नाही' म्हणत होते ते एका रिटायर्ड कंडक्टरने मला थांब्याथांब्याने दाखवलं. घरी आलो की भूक लागलेली असायची. त्यांना, आणि मग आम्हालाही.

त्या वर्षी दसऱ्याला इथली मराठी मंडळी आमच्या कॉलनीत जमली. एरवी कुणाच्या तरी हॉलमध्ये फोटोला हार घालून आणि आपट्याची म्हणून प्लास्टिकची पानं वाटून काम भागायचं. खरी शमी आहे म्हटल्यावर सगळे सजूनधजून हजर. बाबांनी पूजा सांगितली. फांदी तोडायची नाही, खाली पडलेलंच उचलायचं, हा त्यांचा नियम. तोडायला इथे बंदी आहेच, पण बाबांना बंदी माहीत नव्हती, त्यांच्या गावचा रिवाज तसा होता. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत लोक त्यांच्या पाया पडत होते. लेकीच्या वयाची पोरं "हॅपी दसरा, आजोबा" म्हणत होती. ते चटईवर ताठ बसले होते, गुडघे दुखत असूनही.

आणि तिथेच कुणीतरी म्हणालं की इतकं जुनं झाड, पूजेचं झाड, याला पार हवा. म्हातारी माणसं मातीत बसतात हे बरं दिसत नाही.

बाबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पारावर बसणं ही त्यांची आयुष्यभराची राहिलेली गोष्ट होती. गावच्या पारावर बाकीचे म्हातारे गप्पा मारत बसायचे तेव्हा हे गाडीच्या दारात उभे असायचे. रिटायर झालो की बसू म्हणायचे. रिटायर झाले आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं करता करता पार राहिलाच. आता मुलाच्या देशात, मुलाच्या सिमेंटचा पार. नवऱ्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, बाबा, मी बांधतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ॲडमिन मॅनेजरने आधी बरेच दिवस इन्शाल्ला म्हटलं, मग एक दिवस म्हणाला, खलास, करून टाका. थंडी पडल्यावर प्लांटमधले दोन गवंडी आले. खोडाभोवती गोल खणलं, पाया भरला, मांडीइतका उंच गोल कट्टा उभा केला. वर डाग पडले म्हणून स्वस्तात मिळालेल्या टाइल्स, पण बसवल्या इतक्या सुबक की बघत राहावं. आतली पोकळी नर्सरीतून आणलेल्या काळ्या मातीने बुंध्यापर्यंत भरली. मातीत तुळस लावली, झेंडू लावला, आणि त्यांच्यासाठी बागेच्या पाइपलाइनमधून ठिबक ओढलं. नवरा कट्ट्यावर उभा राहून दोन उड्या मारून म्हणाला, तोफ लावली तरी तडा जायचा नाही. मी म्हटलं, अहो, तोफ कोण लावणार आहे. पण खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. बापाला काय द्यावं हे त्याला कधी सुचलं नव्हतं, ते सुचलं होतं.

पुढचं वर्ष झाड असं फोफावलं की विचारू नका. पारावर रोज मैफल. बाबांचे गाल भरून आले. दुसऱ्या दसऱ्याला आजूबाजूच्या कंपन्यांमधली मंडळीसुद्धा आली. बाबांनी गावाकडे व्हिडिओ कॉल लावून पार दाखवला. गावचा एक म्हातारा फोनवर म्हणाला, सौंदडीला पार? आपल्याकडे नसतो बुवा कुणी बांधत. बाबा हसून म्हणाले, तुमच्याकडे नसेल, माझ्या पोराने बांधलाय.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पानं पिवळी पडायला लागली. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. आपल्याकडे झाड सुकलं की काय करतात? पाणी घालतात. बाबा बादली घेऊन जायला लागले. सकाळी बादली, संध्याकाळी बादली, वर ठिबक चालूच. पानं आणखी गळली. मग खोडातून काळसर चिकट पाणी पाझरायला लागलं आणि त्याला आंबूस वास यायला लागला. बाबा जेवायला बसले की खिडकीतून झाडाकडे बघायचे. पोळीचा तुकडा पुन्हा ताटात फिरायला लागला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. जी भीती आम्ही विसरलो होतो ती परत येऊन ताटाशी बसली होती. झाड जगायलाच हवं होतं.

ॲडमिनने झाडांची जाणकार म्हणून एका नर्सरीतली मुलगी बोलावली. तिने बुंध्याजवळची माती हाताने उकरली तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी तिच्या बोटांना लागून निघून आली. ती इंग्रजीत सांगत होती. हे झाड आपलं पाणी खूप खोलवरून स्वतः आणतं. त्याचा बुंधा उघडा राहावा लागतो. तुम्ही पायासाठी खणताना वरची मुळं तोडलीत, बुंधा मातीत पुरलात आणि ती माती सतत ओली ठेवलीत. पाया मुळांवर अजून दाबून बसला आहे. हे कुणी केलं, असं तिने विचारलं. नवरा खाली बघत होता. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतीये पोरगी? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "आजोबा, द पार इज किलिंग इट."

कंडक्टरला तेवढं इंग्रजी येतं.

माती त्याच दिवशी उपसली, ठिबक बंद केलं. कट्टा तोडायला ब्रेकर मशीन लागणार होतं. त्याला ॲडमिनची मंजुरी, सेफ्टीची मंजुरी, कुणाकुणाची मंजुरी. पुढच्या आठवड्यात करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावरच्या मजुरांनासुद्धा ज्या वेळी सावलीत बसवतात त्या वेळी, बाबा गॅरेजमधला हातोडा घेऊन गेले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं ते झोपलेत. एसीच्या आवाजात घाव ऐकू आले नाहीत. वॉचमनने दार बडवलं तेव्हा मी अनवाणी धावले, पाय भाजले ते नंतर कळलं.

बाबा पाराला टेकून पडले होते. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं, तळहात फुटलेले. टाइल्सच्या काठावरचे टवके उडाले होते. खालच्या सिमेंटवर नुसते पांढरे ठिपके उठले होते, दुसरं काही नाही.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे नीट उघडले. नवरा उशाशी होता. बापाचे बँडेज बांधलेले हात त्याने आपल्या हातात घेतले, आणि ज्या गोष्टीचा त्याने आयुष्यभर तोरा मिरवला ती त्याने रडत रडत सांगितली. "बाबा, आमचं सिमेंट हातोड्याने फुटत नाही हो."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते कळलं होतं.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी घ्यायला लावली. पेट्रोल पंपाचं वळण आलं, रुई फुलली होती. पायथ्याचं रान आलं. बोरीची वाडी आली. बाबा पुढच्या सीटवर होते, नजर समोर काचेवर. एकही थांबा त्यांनी पुकारला नाही. लेक शेवटी हळूच म्हणाली, "आजोबा, रुईचा थांबा गेला." एवढी वर्षं इंग्रजीत उत्तर देणारी पोर, ती पूर्ण मराठी वाक्य बोलली. तेही त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

ब्रेकर आला, पार फोडला. झाडाला त्याचा काही उपयोग झाला नाही. उन्हाळा संपेपर्यंत सगळ्या फांद्या वाळल्या, आणि कुणाच्या अंगावर पडू नयेत म्हणून कंपनीने रीतसर परवानगी काढून ते कापलं. मला तेव्हा सगळ्यांचा राग आला होता. पाराची टूम काढणाऱ्याचा, इन्शाल्ला म्हणणाऱ्याचा, नवऱ्याचा, त्याच्या त्या सिमेंटचा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. करवतीचा आवाज सुरू असताना मी हॉलमधला टीव्ही मोठा केला. बाबा तिथेच खुर्चीत होते. एसीसमोरची तीच खुर्ची, तीच भिंत.

दसऱ्याला मंडळी घरी आली, भली माणसं, बाबांना भेटायला म्हणून. त्यांनी बाहेर मैदानात दुसरं गाफचं झाड शोधलं होतं, तिथे पूजा करून येताना पानं आणली होती. एकाने बाबांच्या तळहातावर ठेवली. तळहातावर अजून वण होते. मग तो उत्साहाने सांगायला लागला, बाबा, जागा फार छान आहे हो, पुढच्या वर्षी तिथे लोकांच्या बसण्याची काहीतरी सोय करून टाकू.

कित्येक आठवडे तोंड न उघडलेला माणूस म्हणाला, "बसायचं तर जमिनीवर बसा."

आवाज मोठा नव्हता, पण एसटीतलाच होता. मी चहा आणायच्या निमित्ताने उठले. बाबा त्यानंतर थोडंफार बोलले असतील, पाणी दे, दिवा मालव, एवढंच. थंडीत, जेव्हा इथे खरं तर बाहेर बसायचे दिवस असतात, तेव्हा ते गेले. डॉक्टरांनी कारण लिहिलं हृदयाचं. असेल.

यंदा दसऱ्याला आम्ही जाणार नव्हतो. लेक म्हणाली, जाऊ या. मैदानात तीस-चाळीस माणसं, घड्या घालायच्या मोजक्याच खुर्च्या, थर्मास. झाड आमच्या झाडापेक्षा लहान, पण तसंच लोंबलेलं, बुंधा खडीतून उघडा वर आलेला. कुणीतरी बुंध्याभोवती हौसेने गोल दगड मांडून ठेवले होते. पूजा झाल्यावर तोच मागच्या वर्षीचा गृहस्थ नवऱ्याजवळ आला आणि म्हणाला, सर, उभं राहून पाय दुखतात बायकांचे, तुमच्या प्लांटमधून सिमेंटच्या दोन-चार गोणी मिळतील का?

नवऱ्याने एकेक करून ते दगड उचलले आणि लांब नेऊन ठेवले. मग इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यानिशी तो त्या खडीवर मांडी घालून बसला. लेक त्याच्याशेजारी बसली. मी पैठणी सावरत बसले, खडी टोचत होती. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी नको म्हटलं.